दोन दारं, एक पोर्च

इकडे कॅनडात, ब्रॅम्पटनला आमच्या रस्त्यावर पुढचं दार फारसं कुणी वापरत नाही. गाडी गॅरेजमध्ये घालायची आणि गॅरेजमधूनच घरात शिरायचं. पुढचं दार पार्सल टाकणाऱ्यांसाठी आणि मतं मागायला येणाऱ्यांसाठी. आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिनं ही पद्धत पहिल्याच दिवशी झिडकारली. एअरपोर्टवरून घरी पोचलो, मी गॅरेजचं दार वर केलं, तर ती गाडीतून उतरून सरळ पायऱ्यांकडे चालू लागली.

“आई, इकडून ये ना. तिकडे कुलूप आहे.”

“मंग उघड कुलूप. मी पुढूनच येईन.”

मी आतून फिरून गेलो आणि दार उघडलं. मला वाटलं, पहिल्यांदा येते आहे, शकुनबिकुन पाहत असेल. पण आई शकुन मानत नाही, आमच्या घरात कुणीच मानत नाही. पुढे ग्रोसरी घेऊन आलो तरी, डॉक्टरकडून आलो तरी, बर्फाचं वादळ चालू असलं तरी ती ड्राइव्हवेमध्ये उतरायची आणि पायऱ्या चढून पुढच्या दाराशी उभी राहायची. तिच्यापायी आम्हाला हिवाळाभर पायऱ्यांवरचा बर्फ शोव्हल करावा लागला, वर मीठ टाकावं लागलं. बायकोनं एकदा चेष्टा केली, “आई, तुम्ही म्हणजे अगदी चीफ गेस्ट.” आई म्हणाली, “हो, हाय मंग.” विषय संपला.

आमचं घर सेमी आहे, म्हणजे एकाच इमारतीत दोन घरं आणि मधली भिंत सामायिक. पोर्चही एकच आहे. मधोमध पायऱ्या, चढून वर गेलं की डावीकडे आमचं दार, उजवीकडे शेजाऱ्यांचं. पायऱ्यांच्या वर एक आडवी तुळई आहे. तिला शेजारच्या जावयानं हुक लावून ठेवले आहेत, डिसेंबरात दोन्ही घरांचे लाइट्स त्यांच्यावरच चढतात. शेजारी श्रीलंकेचे तमिळ आहेत. जावई ट्रक चालवतो आणि बहुतेक वेळ कुठल्यातरी हायवेवर असतो. मुलगी हॉस्पिटलात नर्स आहे. आणि तिची आई, जिला आमचा सगळा रस्ता अक्का म्हणतो. अक्का माझ्या आईच्याच वयाची. कपाळावर भस्म, साडीवर जावयाचं जॅकेट, पायात जावयाचेच बूट.

आईला मराठी आणि हिंदी येतं. अक्काला तमिळ आणि कामापुरतं इंग्रजी. दोघींमध्ये एकही भाषा सामायिक नाही, तरी आई आल्यापासून महिन्याभरात दोघी पोर्चवर खुर्च्या टाकून बसू लागल्या. अक्कानं दिवाणखान्यात बादलीएवढ्या कुंडीत कढीपत्ता वाढवला आहे. त्याची डहाळी ती रोज आणून द्यायची. आई तिला पाटवड्या द्यायची. अक्का पहिला घास खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची, आणि दुसरा घ्यायची. मी एकदा विचारलं, तुम्ही बोलता तरी काय? आई म्हणाली, “तिच्या गुडघ्याचं सांगते, मी माह्या गुडघ्याचं सांगतो.” एवढं मला पुरलं.

मी विमानतळाजवळच्या एका ऑफिसात गोदामांचं सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे घरी आल्यावर मी सहसा कशात पडत नाही. बायको म्हणते, मी घरात पाहुण्यासारखा राहतो. असेन. पण त्या वर्षीचा मे महिना मी नीट पाहिला, म्हणून लिहितो आहे.

मे महिन्यात आमची वैशाख पौर्णिमा येते. आम्ही बौद्ध. आमच्या मंडळाचा कार्यक्रम रविवारी एका शाळेच्या जिममध्ये असतो: वंदना, भाषणं, मुलांचे डान्स, जेवण. त्या वर्षी कार्यक्रमाच्या आधी मंडळानं मोठे पंचरंगी धम्मध्वज मागवले होते. मी एक घेऊन आलो. खरं सांगायचं तर मी तो आग्रहाखातर घेतला होता आणि बेसमेंटमध्ये ठेवणार होतो. आईनं पिशवी उघडली, कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि विचारलं, “हा बाहेर लावता येते का इथं?”

“येतो की.”

“कोणी काही म्हणत नाही?”

“आई, समोरचा त्याच्या हॉकी टीमचा झेंडा वर्षभर लावतो. कोण काय म्हणणार?”

तिनं तोच प्रश्न संध्याकाळी पुन्हा विचारला आणि सकाळी पुन्हा. तिला असं विचारावं लागतं, याचं कारण मला ठाऊक होतं. मी लहान असताना वडिलांची बदली एका तालुक्याच्या गावी झाली होती. खोली मिळत नव्हती, शेवटी मिळाली. घरमालक भला माणूस होता, कधी वाकडं बोलला नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात येऊन म्हणाला, ते समोरच्या भिंतीवरचं बुद्धाचं चित्र आत लावलंत तर बरं, आमचं काही नाही हो, पण लोक बघतात. वडिलांनी चित्र काढून दाराच्या मागं लावलं. दार उघडं असलं की ते झाकलं जायचं. आम्ही तिथे होतो तोवर ते तसंच राहिलं. त्या माणसाविषयी आई आजही वाईट बोलत नाही. पण नागपूरला स्वतःचं घर झाल्यावरही तिनं दर्शनी भिंतीला खिळा मारायला बरीच वर्षं घेतली.

तर मी शिडी लावली आणि झेंडा तुळईला बांधला. हुक तयारच होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. पायऱ्या चढणाऱ्याच्या डोक्यावर बरोबर मध्यभागी. प्लास्टिकच्या झिप टायनं पक्का केला, कारण इकडे वसंतातला वारा काही ठेवत नाही. आई रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. तिथून तिनं मला फोटो काढायला लावले, झेंड्याचे, मग झेंड्याखाली तिचे, मग मला खाली उभं करून माझा. नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना ते गेले. त्या दिवशी ती खुशीत होती. तिला इतकं खुश मी नातीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

अक्का दुसऱ्या दिवशी पोर्चवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही आली नाही. आईनं दोन्ही खुर्च्या टाकल्या, चहा थंड झाला, मग एक खुर्ची उचलून ठेवली. कढीपत्ता बंद झाला. एकदा शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला म्हणून आई लगबगीनं बाहेर गेली, तर दार लागलेलं होतं. शेजारच्या खिडकीचे पडदे दिवसाढवळ्या ओढलेले.

“बरी नसेल,” मी म्हणालो.

आई भाजी निवडत होती. जुडी संपल्यावर म्हणाली, “झेंडा पाहून तिले समजलं आपण कोण हावो ते.”

मला हे ऐकून धक्का बसला नाही, हीच खरी वाईट गोष्ट. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. कपाळावर भस्म लावणारी, पहाटे देव धुणारी बाई; सहा महिने आमच्या पाटवड्या खाल्ल्या आणि झेंडा पाहिल्यावर दार लावून घेतलं. इकडेही असं होतंच. आडनाव विचारून मग गाव विचारणारे, गाव कळल्यावर मोहल्ला विचारणारे, आणि मोहल्ला कळल्यावर पुढच्या वेळी जेवायला न बोलावणारे आपले लोक मी शेजारच्या मिसिसागामध्ये पाहिले आहेत. मला राग आला, चांगलाच आला. वाटलं, सात समुद्र ओलांडून आलात आणि सामानात हेच आणलंत. हेही ठरवून टाकलं की यंदा डिसेंबरात आपले लाइट्स वेगळे लावायचे. माझा राग साधारण अशाच उंचीचा असतो.

कचऱ्याच्या दिवशी सकाळी मी बिन्स बाहेर ओढत होतो. अक्काची मुलगी रात्रपाळी करून नुकतीच आली होती, अजून हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती. मी मुद्दाम फार गोड आवाजात विचारलं, अम्मा दिसत नाहीत हल्ली, आमचं काही चुकलं का?

तिनं वर तुळईकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. ती मला अण्णा म्हणते.

“अण्णा, प्लीज, तुमच्या आईला सांगू नका. अम्मानं सक्त सांगितलंय, त्यांचा सण आहे, एक शब्द बोलायचा नाही.” मग ती तशीच इंग्रजीत सांगत गेली, बिनच्या झाकणावर हात ठेवून, पेशंटची माहिती पुढच्या पाळीला द्यावी तशी. येत्या बुधवारी त्यांचा दिवस आहे. त्यांच्या देशातली लढाई ज्या दिवशी संपली तो. तिकडे राजधानीत त्या सुमाराला संचलन होतं, लढाई संपली म्हणून. आणि त्यांचे लोक, तिकडे आणि इकडे, त्याच दिवशी मेलेल्यांसाठी दिवे लावतात. दिवस एकच. अक्काचं कुटुंब शेवटी समुद्र आणि खाडीमधल्या वाळूच्या पट्टीवर अडकलं होतं. खायला काही उरलं नव्हतं. कुठेतरी मोठ्या भांड्यात तांदूळ पाण्यात उकळायचे आणि रांगेतल्या लोकांना वाटायचे. मीठसुद्धा नसायचं. अक्काचा मुलगा, हिचा धाकटा भाऊ, भांडं घेऊन त्या रांगेत उभा राहायला गेला. रांगेवर तोफगोळा पडला. कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

“आणि झेंडा?” मी विचारलं.

“नंतर लष्करानं आम्हाला एका कॅम्पमध्ये ठेवलं होतं. ते सैनिक बौद्ध. तारेच्या कुंपणात. त्याच्या गेटवर हा झेंडा होता, अण्णा. अम्मा रोज त्याच्याखालून पाणी आणायला जायची आणि रोज विचारायची, माझा मुलगा सापडला का.” मग घाईनं म्हणाली, “आय नो इट्स नॉट यू. अम्मालाही माहितेय. पण तिचे पाय उचलत नाहीत.”

एवढं बोलून ती आत गेली. मी बिन सरळ केली, जी सरळच होती.

अक्काच्या गॅरेजमध्ये दरवर्षी मे महिन्यात मोठ्या भांड्यात कांजी होते हे मला माहीत होतं. त्यांचे लोक येतात, रांगेत उभे राहतात, पितात, जातात. मला वाटायचं देवाचा काही प्रसाद असेल. एका वर्षी तिनं आमच्याकडे डबा पाठवला होता. मी त्यात मीठ, तूप आणि लिंबाचं लोणचं घालून खाल्ली आणि छान झाली होती असं सांगितलंही. अक्कानं त्यावर नुसती मान हलवली होती.

झेंडा मुळात त्यांच्याच देशातून आला, हे मला वाचून ठाऊक होतं. आईला ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी तो नागपूरचाच होता. तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले आणि परत येताना हा झेंडा आणला, एवढाच त्याचा इतिहास. माणसासारखं उभं राहायचा झेंडा. त्याच्याखाली कुणाचं पाऊल उचलत नसेल, अशी कल्पना तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

सांगू नका म्हणाली होती, तरी मी आईला सांगितलं. कारण न सांगितलं असतं तर आईच्या मनात अक्का जात पाळणारी राहिली असती, आणि ते अक्कावर अन्याय करणारं होतं. आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मुलाचं आलं तेव्हा तिनं गॅस बंद केला.

“ते बुद्धाचे लोक नाहीत,” ती शेवटी म्हणाली.

“ते म्हणतात आम्ही आहोत.”

“म्हणू दे. ज्याच्या दारात लेकरू शोधत बाई उभी राहते आणि तो हलत नाही, तो बुद्धाचा नाही.” मग ओला हात पदराला पुसत तिनं विचारलं, “तिनं काढायला सांगतलं?”

“नाही. उलट तिनं सांगितलंय की बोलायचंही नाही.”

“हं. बोलणार नाहीच. बोलत कोणीच नाही.” तिचा आवाज चढला. “आपल्यालेच समजून घ्यावं लागते, दर वेळी. तो घरमालकही भलाच होता. आता पुन्हा तेच. आमचं काही नाही, पण लोक येतात.”

“आई, मी काढ म्हणत नाहीये.”

“मंग कशाले सांगून राहिला?”

वॉटर्लूला शिकणारी माझी मुलगी तेवढ्यात फोनवर आली. मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, इट्स वन डे. जस्ट टेक इट डाउन, व्हॉट्स द बिग डील?” फोन स्पीकरवर होता. आईला इंग्रजी येत नाही, पण तेवढं तिला बरोबर समजलं. ती आपल्या खोलीत गेली. मला दोघींचाही राग आला आणि दोघींचंही पटलं. अशा वेळी मी जे करतो तेच केलं, म्हणजे लॅपटॉप उघडला.

रविवारचा कार्यक्रम झाला. सोमवारी पौर्णिमा. आईनं पांढरी साडी नेसून पोर्चवर मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हटली असं मला वाटलं. शेजारचा पडदा हलला नाही. झेंडा वाऱ्यावर फडफडत होता. बुधवारी अक्काकडे माणसं येणार, पायऱ्यांशी येऊन वर बघणार, काहीजण परत फिरणार, हे मला दिसत होतं. वर्षातून एक दिवस तिच्या मुलाचं नाव घेणारे लोक तिच्या दारात येतात. तो दिवस आमच्या झेंड्याखालून जात होता. आणि झेंडा काढला असता तर आईला तिच्या म्हातारपणी पुन्हा एकदा चित्र दाराच्या मागे लावावं लागलं असतं, तेही मुलाच्या घरी. मी काहीच ठरवलं नाही.

मंगळवारी ऑफिसातून आलो, गाडी ड्राइव्हवेमध्ये लावली आणि वर पाहिलं. तुळई रिकामी होती. हुकांमध्ये झिप टायचे कापलेले तुकडे अडकले होते. खाली पायरीवर स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. त्यावर ही बाई या वयात चढली होती. मी गॅरेजकडे न जाता पायऱ्या चढून पुढूनच आत गेलो.

आई टेबलाशी बसली होती. समोर झेंड्याची घडी, शेजारी कात्री.

“कोण म्हणालं काढायला?” मी विचारलं. मला वाटलं, कुणीतरी येऊन बोलून गेलं असेल.

“कोणी नाही. कोणी म्हटलं असतं तं काढलाच नसता.”

तिनं घडी उलगडली, पुन्हा घातली. मग सांगितलं. दुपारी ती सिंकशी भांडी घासत होती. आमची स्वयंपाकघराची खिडकी बॅकयार्डकडे उघडते, मधलं कुंपण बुटकं आहे. गॅरेजचं काँक्रीट धुतलेलं होतं, उद्याची तयारी चालली होती. अक्का कांजीचं मोठं भांडं घरातून गॅरेजकडे नेत होती. त्यांच्या गॅरेजचं आतलं दार सामानानं बंद झालं आहे; पुढच्या दारातून निघालं की चार पायऱ्या उतरून गॅरेज. पण ती मागच्या दारानं निघाली. ओल्या गवतातून, भांडं पोटाशी धरून, घराला वळसा घालून. मध्ये भांडं खाली ठेवून गुडघा धरून उभी राहिली. पुढे बाजूचं गेट हिवाळ्यानंतर फुगलेलं, हातानं उघडेना, तर तिनं पाठ लावून ढकललं.

“पुढचं दार हाय तिले,” आई म्हणाली. “आपल्या दाराच्या बाजूले, सारखंच. अन् ते मागून चालली.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“आमची माय अशीच जाय. डोक्यावर मोळी घेऊन. गावातून सरळ गल्ली होती, पण तिकडून आम्हाले जायचं नव्हतं. मंग गावाच्या बाहेरून, काट्याकुट्यातून. मी तिच्या मागं. माय मधात थांबे, मोळी एका हातानं धरून पायातला काटा काढे. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाली का कोणाच्या घरी मागून जाणार नाही.” ती थांबली. “कोणी माह्यापायी मागून जाईल, हे मनातच नोतं आलं कधी.”

हिवाळाभर शोव्हल केलेल्या पायऱ्या मला तेव्हा आठवल्या. आईचा हट्ट म्हणून आम्ही हसत होतो, बायको आणि मी. मी तिचा मुलगा, आणि कधी विचारलं नव्हतं की गॅरेजमधून यायला तुझं काय जातं.

आई रडली नाही. पण तिला वाईट वाटत होतं, आणि एकाच गोष्टीचं नाही. “बापानं लावलेला मी काढला,” एवढं एकदा बोलली. मी म्हणालो, कुणी बळजबरी केली नाही ना आई. ती म्हणाली, “म्हणून तं जास्त लागते.” मग उठून घडी आपल्या पिशवीत ठेवली आणि कुकर लावला.

बुधवारी मी सुट्टी घेतली. का घेतली ते बायकोला नीट सांगता आलं नाही. दुपारपासून गाड्या येऊ लागल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागल्या. बायका, पुरुष, कॉलेजातली मुलं. काहीजण आधी पायऱ्या चढून अक्काच्या दारात गेले, तिला भेटले, मग गॅरेजकडे. कुणी वर पाहिलं नाही, पाहण्यासारखं काही नव्हतंच. गॅरेजमध्ये टेबलावर दिवे आणि फोटो. अक्काच्या मुलाचा फोटो शाळेच्या गणवेशातला होता, भांग पाडलेला.

आईनं विचारलं होतं, पांढरी नेसू का? आमच्याकडे पांढरी साडी विहारात जायला नेसतात. मी म्हणालो, तिथे सगळ्या पांढऱ्याच असतील. ती नेसली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पाहुणी म्हणून पुढे जा, असं कुणीतरी हातानं सुचवलं, तिनं मान हलवून नकार दिला. मी तिच्या मागं.

अक्का पळीनं कागदी पेल्यांत कांजी वाढत होती. आमची पाळी आली. तिनं आईकडे पाहिलं, मग गॅरेजच्या दारातून बाहेर, पोर्चच्या तुळईकडे. पळी भांड्यातच थांबली. रांग मागे खोळंबली. मग तिनं पेला भरला, आईच्या हातात दिला आणि आईचा हात पेल्यासकट क्षणभर धरून ठेवला. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नाही, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न नव्हता.

कांजी म्हणजे पाणी आणि भाताची शितं. कोमट, आळणी. घशाखाली सहज उतरत नाही. मी सवयीनं टेबलावर मिठाची वाटी शोधत असेन, कारण आईनं कोपरानं ढोसलं. “पी तशीच.” तिनं स्वतः शेवटपर्यंत प्यायली आणि रिकामा पेला चुरगळला नाही, घरी घेऊन आली.

दोन दिवसांनी अक्काची मुलगी आली. म्हणाली, अम्मा म्हणते झेंडा पुन्हा लावा, तिला आता कळलंय, ती डोळे मिटून जाईल. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “डोळे मिटून पायऱ्या उतरून पडली म्हणजे? पुढच्या वर्षी पाहू.” त्या वर्षी तिनं लावला नाही. पिशवीतून काढलाही नाही. दुपारी पोर्चवर दोन खुर्च्या पुन्हा लागल्या आणि गुडघ्यांची चौकशी सुरू झाली. उन्हाळा संपताना आई नागपूरला परत गेली. जाताना झेंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मागच्या दाराले लावू नको.”

यंदा मी तो आमच्या दाराशेजारच्या खिडकीत लावला, बाहेरच्या बाजूनं, रस्त्यावरून दिसेल असा. तुळई मोकळी ठेवली. पायऱ्या चढताना तो डोक्यावर येत नाही; बघायचा तर बघता येतो, नाही तर मान वळवली की झालं. यावर पूर्ण समाधान व्हावं असं त्यात काही नाही. मंडळातला एकजण म्हणालाच, खिडकीत का, लाजताय का? मी त्याला सांगत बसलो नाही.

अक्काच्या दिवशी सकाळी बेल वाजली. आमच्याकडे बेल वाजवून येणारं आता कुणी नसतं. दार उघडलं तर अक्का, हातात स्टीलचा झाकणाचा डबा. आजूबाजूला कुणी नव्हतं. डबा माझ्या हातात देऊन तिनं खिडकीतल्या झेंड्याकडे पाहिलं. नजर थोडी थांबली तिथे. मग तिनं बोटानं हवेत आईच्या उंचीची खूण केली, आपल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, “मदर? नी ओके?”

“ओके,” मी म्हणालो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तिची सकाळ होती, चहा समोर होता. मी डबा कॅमेऱ्यासमोर धरला. सांगितलं, अक्कानं स्वतः आणून दिला, मीठ घातलं नाही, तसाच प्यायलो. आईनं डब्याकडे पाहिलंच नाही.

“कुठून आली ते?” तिनं विचारलं.

“पुढून,” मी म्हणालो. “पायऱ्या चढून.”

आईनं चहाचा कप उचलला.

“मंग बरं,” म्हणाली.